आडनाव नसलेलं स्थळ

कारभारी नानांच्या दशक्रियेला पुढाऱ्यांची रांग लागली होती. आमच्या भागात दहाव्याला कावळ्याच्या आधी पुढारी शिवतो. प्रत्येकाने माईक धरून समाजाची कधीही न भरून येणारी हानी झाल्याचं जाहीर केलं. एकाने नानांना दूध संस्थेचे माजी संचालक केलं, दुसऱ्याने प्रगतिशील बागायतदार. दुधाशी नानांचा संबंध फक्त चहापुरता होता आणि बागायत म्हणाल तर दारापुढची एक लिंबोणी. मी मागे उभा राहून ऐकत होतो. वाटलं, अरे, हा माणूस काय चीज होता ते कुणीतरी सांगा की! कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

नाना सोयरिकी जुळवायचे. सोनईत स्टॅंडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाळू पोरींचे फोटो माझ्याकडे निघायचे, त्यामुळे नानांचं ऑफिसही माझ्याकडेच. पंख्याखालचं स्टूल त्यांचं. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरायची सवय. मोबदला म्हणून टोपी-टॉवेल आणि पंगतीत पहिली रांग. यापेक्षा जास्त मागितलं नाही आणि यापेक्षा कमीवर उठले नाहीत.

माणसाला नावाने हाक मारणं त्यांना मंजूर नव्हतं. माणूस म्हणजे गाव. "काय हो घोडेगाव, कवा आले?" "ए कोपरगाव, सरक जरा." नवीन माणूस दिसला की गाव, आडनाव, मूळ गाव, मामाचं आडनाव, असे चार प्रश्न झाल्याशिवाय ते त्याला पाणीसुद्धा विचारत नसत. मला मात्र ते 'मिलिंद' म्हणायचे. इतक्या वर्षांत माझ्या मामाचं आडनाव त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही बौद्ध. ज्याच्या घरी सोयरीक न्यायची नाही त्याची चौकशी करून डोकं कशाला शिणवा, असा सरळ हिशेब. माया मात्र होती. रोज हॉटेलातून दोन कप चहा मागवायचे, एक माझा. माझ्या घरून चहा आला की त्यांना नेमकी ॲसिडिटी व्हायची.

त्यांच्या धंद्यात 'खोट' हा शब्द फार मोठा. मुलगा गोरा, शिकलेला, बारा एकर पाण्याखालची. पण पोटावर अपेंडिक्सच्या टाक्यांची खूण. नानांनी जमत आलेली सोयरीक मोडली. "उद्या पोतं उचलताना टाका उसवला, तर पोरीनं कुनाकडं बघायचं?" त्या पोराचं लग्न पुढे तीन वर्षं अडलं. टाका अजून शाबूत आहे.

नानांची सगळ्यात लाडकी सोयरीक म्हणजे योगेश आणि प्रियंका. प्रियंका योगेशच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, आणि नानांचं तर ठाम मत, की अशा लग्नात चौकशीचा त्रास वाचतो. "सासू म्हंजी आत्या, सासरा मामा! भांडान झालं तरी घरातल्या घरात." त्या लग्नाचा अल्बम माझ्या दुकानात नमुना म्हणून ठेवला होता. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे.

योगेश-प्रियंकाला मुलगी झाली, स्वरा. लस टोचली त्या बाजूला काखेत गाठ आली, ती फुटली, वाहायला लागली. मग मानेला गळू, मग यकृतात पू, मग न्यूमोनिया. देवऋषी झाला, नगरचे दवाखाने झाले. शेवटी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचतात, पण त्यांना मारू शकत नाहीत. शिपाई आहेत, बंदुकीत गोळी नाही. जन्माचाच दोष. डॉक्टरांनी बजावलं, की मुलीला माती, शेण, पाचट, भुसा यांपासून लांब ठेवा. सोनईत! म्हणजे मुलीला घरातल्या घरात फ्रीजमध्येच ठेवायला हवं होतं.

त्या दिवशी नानाही पुण्याला गेले होते. कुठल्याही खोलीत दोन घरची माणसं बसली की तिसरे नाना, हा नियमच होता. डॉक्टरांनी विचारलं, "आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का?"

योगेशच्या आधी नाना पुढे सरसावले. "व्हय तर! सख्ख्या मामाची पोरगी हाय. मीच जुळवलंय."

त्यांना वाटलं, डॉक्टर शाबासकी देणार. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. दोष एकाकडूनच आला तर तो झाकलेला राहतो, काही बिघडत नाही. एकाच रक्ताच्या दोघांकडून आला, की मुलात उघडा पडतो. दरवेळी होतं असं नाही, यात कुणाचा गुन्हाही नाही, असंही ते म्हणाले. ते वाक्य नानांच्या कानापर्यंत गेलं नसावं. योगेश सांगत होता, परतीच्या वाटेवर गाडी सुप्याला चहाला थांबली तर नाना उतरलेच नाहीत. हॉटेलवाला ओळखीचा होता. "काय नाना, आज कोनाचं जुळवून आले?" त्याने लांबून विचारलं. नानांनी काच वर केली.

उपाय एकच होता. दुसऱ्या कुणाच्या मूळपेशी स्वराच्या रक्तात सोडायच्या, म्हणजे नवे शिपाई तयार होतील. पण पेशींवरच्या खुणा जुळायला हव्यात. सख्खं भावंड नव्हतं. आई-बापाच्या खुणा निम्म्या जुळत होत्या. निम्म्यावरही करतात, पण धोका वाढतो. आधी पूर्ण जुळणारा दाता शोधून बघू, असं डॉक्टर म्हणाले. आणि फार थांबता येणार नाही, असंही.

दुसऱ्या दिवशी नाना स्टुलावर येऊन बसले. गुडघ्यावर ताल नव्हता.

"मिलिंद, सोयरीक मी आनली. बिघाड निघला. म्हंजी दुरुस्तीबी माझ्याकडंच की न्हाई?"

"नाना, हे स्थळ शोधण्याइतकं सोपं नाही."

"स्थळच हाय त्ये. जुळवायचंच हाय ना? मंग?"

आणि त्यांनी कामाला हात घातला, तो आपल्याच पद्धतीने. देवक म्हणजे कुळाचं झाड. ज्यांचं देवक एक ते भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. नानांनी हयातभर एका देवकाची माणसं एकमेकांपासून लांब ठेवली होती. आता त्यांना साक्षात्कार झाला, की इथे सगळं उलटं. भाऊभाऊ असतील तर खुणाही जुळणारच! योगेशचं देवक कळंबाचं. नानांनी तीन तालुक्यांतून कळंबाची घरं हुडकली, टेम्पो केला आणि माणसं आणून सोनईच्या मंगल कार्यालयात उतरवली. पुण्याहून दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या मॅडम आल्या होत्या, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुने घ्यायला. त्यांनी विचारलं, "गावातले बाकीचे लोक कुठे आहेत? अठरा ते पन्नास वयाचं कुणीही चालेल."

"बाकीचे कशाला?" नाना म्हणाले. "ह्ये समदे कळंबाचेच हायती. एकदम खातरीचा माल."

"नाना, देवक रक्तात नसतं."

"पुन्याला नसंल," नाना म्हणाले.

माझं दुकान कार्यालयासमोरच. मी, माझा मुलगा सिद्धार्थ आणि त्याचे वस्तीवरचे मित्र पायरीवर बसून ती मिरवणूक बघत होतो. धडधाकट विशीतली पोरं. आम्हाला बोलावणं नव्हतं. फोटो काढायला मात्र मला बोलावलं.

त्यामुळे आतली गंमत मला जवळून दिसली. उद्घाटनाला पुढारी आले. रक्ताचं नातं या विषयावर बोलले. मग तोंडात काडी धरलेला फोटो हवा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "साहेब, वय पन्नासच्या आत लागतं." साहेब साठीचे. पण फोटोला वयाची अट नव्हती. काडी तोंडात गेली, फोटो निघाला, काडी कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: जीवनदाते! कार्यकर्त्यांनी तंबाखू थुंकून चुळा भरण्यात तासभर गेला. आणि नमुना द्यायच्या वेळी एकेका पोराची आई पुढे आली.

"नाना, माझ्या पोराचं लगीन व्हायचंय."

"मंग?"

"उद्या हाडातून कायतरी काढलं तर पोरीकडचे म्हनतील, हाय ह्याच्यात खोट. तुमीच मोडाल की सोयरीक!"

नानांचाच कायदा, त्यांच्याच कोर्टात, त्यांच्यावरच लागू झाला होता. अपेंडिक्सवाल्या पोराचा बाप तर मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसला होता, नुसता बघायला. लग्न झालेल्या, पोटं सुटलेल्या मंडळींनी तेवढे नमुने दिले. एकाचाही जुळला नाही.

पुढचे महिने वाईट गेले. स्वराच्या फुफ्फुसात बुरशी झाली. प्रियंका तिच्यामागे फडकं घेऊन फिरायची. उंबऱ्यावर धूळ दिसली तरी रडायची. भावकीतल्या बायका म्हणायच्या, "लईच नाजूक पोर बाई." नाना हे ऐकून उठून जात. त्यांनी नवी सोयरीक हातात घेणं बंद केलं. आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारायचे, आणि मध्येच विसरायचे, की कितवा चालला होता.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला. देशभरच्या नोंदींतून दाता मिळाला. पूर्ण जुळला.

नाना स्टुलावरून उभेच राहिले. "कोन हाय? कुनाचा?"

"ते सांगता येत नाही, नाना. नियम आहे. ट्रान्सप्लांट होऊन वर्ष होईपर्यंत दोघांनाही एकमेकांचं नाव कळत नाही. पुरुष, वय सव्वीस, एवढंच सांगता येतं."

"नाव ऱ्हाऊ द्या. गाव सांगा."

"नाही."

"जिल्हा?"

"नाही, नाना."

"बरं, निसतं आडनाव. आमी कुनाला सांगत न्हाई."

मॅडम हसल्या. नानांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांची कुणी भर बाजारात टोपी उडवली. जन्मभर ज्यांनी आडनावाशिवाय पाणी विचारलं नाही, त्यांच्या हातून सगळ्यात मोठी सोयरीक जुळत होती, आणि नवरदेवाचं आडनावच नव्हतं! रोज नवीन तर्क. "वान्याचा असंल का रं? का मुसलमानाचा? का... मिलिंद, तुझा सिद्धू तर न्हाई?"

"त्याची नोंद कुठेय, नाना? तुम्ही बोलावलं होतं का त्याला?"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "न्हाई बोलीवलं."

खरा घोर पुढेच होता. ट्रान्सप्लांटच्या आधी जबर औषधं देऊन मुलीचं जुनं रक्त पार मोडून टाकतात. एकदा ते सुरू झालं, की परतीची वाट नाही. दाता ऐन वेळी आला नाही तर मूल जातं. म्हणून दात्याचा शेवटचा होकार आधी घेतात. तारीख ठरली, आणि मॅडमचा फोन आला, की दात्याने थोडा वेळ मागितला आहे. कारण सांगता येणार नाही. त्याच्यावर जोर करता येत नाही, त्याची मर्जी.

"माझ्या ध्यानात आलं," नाना म्हणाले. "सव्वीस वर्साचा पोरगा. लगीन ठरल्यालं असनार. पोरीकडचे बिचकले. त्यांच्याकडं कोनतरी कारभारी असनार, माझ्यासारखा."

मी म्हणालो, ताप आला असेल, रजा मिळत नसेल. त्यांना पटलं नाही. पत्ता नसलेल्या त्या पोराला गाठायचं कसं? तर नानांनी ठरवलं, प्रत्येक पोरगा तोच आहे असं धरून चालायचं.

लग्नसराई होती. आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी माईकवर स्वागत आणि आशीर्वाद चालतात, ऊन डोक्यावर येईपर्यंत. नाना प्रत्येक मांडवात जाऊन माईक पकडायला लागले, सोनईपासून कोपरगावपर्यंत. एका मांडवात मी कॅमेरा घेऊन हजर होतो. एक पुढारी आशीर्वाद द्यायला ताटकळत उभे, आणि नाना माईक सोडायला तयार नाहीत.

"मंडळी, ध्यान देऊन आयका. ज्या पोरानं कुनासाठी पेशी दिल्या, त्याच्यात खोट न्हाई! आसं स्थळ मी सोन्याचं म्हनून सांगीन. मीच खोट काढायचो, मीच सांगतो, माझं चुकलं. निसती सुई टोचत्यात, रक्त एका हातातून काढत्यात, दुसऱ्या हातातून परत देत्यात. चार तासांनी पोरगा घरी!"

मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नाना, मागून पोरंबाळं होत्यात का?"

"जास्ती होत्यात!" नाना म्हणाले.

मॅडमनी नंतर त्यांना फोनवर चांगलं झापलं. खोटं सांगायचं नाही, नाना. त्यावर नाना म्हणाले, लग्नात थोडं वाढवून सांगावंच लागतं.

आणि मग ते आमच्या वस्तीवर आले. विहाराच्या ओट्यावर पोरं बसली होती. ज्या नानांनी या पोरांची कधी नावं विचारली नव्हती, ते हात जोडून उभे राहिले. नाव नोंदवा म्हणाले. मग ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेले, मोहल्ल्यात गेले. माझ्या घरी तांब्याभर पाणी प्याले. लगेच क्रांती वगैरे समजू नका, त्यांना ठसका लागला होता. पण पाणी प्याले, आणि मागून चहाही घेतला. ॲसिडिटी झाली नाही. सिद्धार्थ आणि त्याच्या आठ-दहा मित्रांनी नोंदणी केली. स्वराला त्याचा उपयोग नव्हता, हे नानांना माहीत होतं. "दुसऱ्या कुना पोरासाठी असंच कुनीतरी फिरत असंल," ते म्हणाले.

दात्याचा होकार आला. नानांच्या माईकमुळे आला म्हणावं, तर तो मुलगा बहुधा सोनईचं नावही न ऐकलेला असणार. मद्रासचा असेल, कलकत्त्याचा असेल. नानांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पेशी काढायच्या दिवशी मी नानांसोबत पुण्याला होतो. स्वरा काचेच्या खोलीत. केस गेलेले, तोंड आलेलं. तिचं स्वतःचं रक्त मोडून टाकलेलं. त्या दिवशी तिचं असं काहीच नव्हतं, जे होतं ते कुणा परक्याच्या दंडात होतं. प्रियंका काचेला कपाळ लावून उभी. मला तिथे थांबवेना. खाली आलो तर नाना हॉस्पिटलच्या दारात. दंडाला कापसाची पट्टी लावलेला कुणीही तरुण बाहेर आला की उठायचे, टोपी नीट करायचे आणि वाकून रामराम घालायचे.

"नाना, दाता दुसऱ्या शहरात असणार. इथे नाही येत तो."

"कशावरून?"

"सांगितलंय तसं मॅडमनी."

"त्यांनी नाव सांगितलंय का? मंग त्यांना तरी काय म्हाईत!"

एक पोरगा साखर तपासायला आलेला. तो गोंधळून गेला. दुसऱ्याने नानांना भिकारी समजून खिसा चाचपला. नानांनी त्यालाही रामराम घातला. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी विमानाने एक पिशवी आली. तिच्यावर नाव नव्हतं, फक्त एक नंबर. काही आठवड्यांत पेशी रुजल्या. पहिल्यांदा तिचं रक्त जंतूंना मारतंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा नानांनी हॉस्पिटलच्या कॅन्टीनवाल्याला मिठी मारली. त्याचंही आडनाव विचारलं नाही.

नानांना मी शेवटचं नीट पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. नंतर ते आजारी पडले आणि लवकरच गेले. स्वराला शाळेत घालायचं होतं, फोटो हवा होता. नाना तिला बोटाला धरून दुकानात घेऊन आले. गुडघ्यांवर माती, वेणी अर्धी सुटलेली. ती माती बघून मला इतकं बरं वाटलं, की मी ती पुसायला पण सांगितली नाही. तिला स्टुलावर बसवलं, नानांच्याच.

एवढ्यात मॅडमचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला. वर्ष उलटलं होतं, दोन्ही बाजूंची तयारी असेल तर आता ओळख करून देता येणार होती. नानांनी या दिवसासाठी वर्षभर प्रश्न साठवले होते.

"नाना, त्यांनी नको म्हटलंय," मॅडम म्हणाल्या. "गरज नाही म्हणाले."

नाना बाकावर बसले. "मंग बोलला तरी काय त्यो?"

"एकच विचारलं. मूल बरं आहे का?"

"पोरगा हाय का पोरगी, त्ये?"

"नाही विचारलं."

"कुठलं, कुनाचं...?"

"नाही हो नाना. एवढंच. बरं आहे का."

फोन नानांच्या हातात तसाच. पलीकडून मॅडम 'हॅलो, हॅलो' करत होत्या. मग उपरण्याने त्यांनी डोळे पुसले, चांगले रगडून पुसले, लाजले नाहीत.

"त्याला सांगा मॅडम," ते म्हणाले, "बरी हाय. शाळंत चाललीय. फोटो काढाया बसलीय म्हनावं."

मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण मला काही स्पष्ट दिसेना. स्वरा स्टुलावर पाय हलवत होती.

"नाना, कुणाचा फोन होता?"

नाना तिच्याजवळ गेले. तिची सुटलेली वेणी त्यांनी कशीबशी मागे सारली.

"आपल्यातल्याचा," ते म्हणाले.